रमण राघवला फाशी का झाली नाही?

सोलापूरच्या कोर्टात तीस वर्षे फौजदारी वकिली केलेल्या माणसाला लग्नाच्या पंगतीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "वकीलसाहेब, एवढे खून स्वतःच्या तोंडाने कबूल करूनही रमण राघवला फाशी का झाली नाही?" यंदा १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालून परतताना शेजारच्या अण्णांनी तोच प्रश्न जरा चिडून विचारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या आमच्या चौघांना १९३१ साली येरवड्यात फासावर चढवले गेले आणि झोपलेल्या गोरगरिबांची डोकी फोडणारा त्याच येरवड्यात म्हातारा झाला, हे सोलापूरकराच्या घशाखाली सहज उतरत नाही. अण्णा, तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गालगत झोपलेल्या १९ जणांवर हल्ले झाले आणि त्यांतले ९ जण दगावले. तेव्हा संशयावरून पकडलेल्या रमणला पुराव्याअभावी सोडून द्यावे लागले होते. १९६८ मध्ये उत्तरेकडील उपनगरांत, फुटपाथवर आणि झोपड्यांत, तेच सत्र पुन्हा सुरू झाले. गिरणीत कामाला असलेले आमचे मामा त्या वर्षी सुट्टीवर आले आणि त्यांनी तिकडची हकीकत सांगितली, त्या रात्री आईने आम्हा मुलांना अंगणातल्या बाजेवरून उठवून घरात निजवले. मुंबई रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर होती, तरीही.

२७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी वर्णनावरून त्याला ओळखून पकडले. मुंबई गुन्हे शाखेचे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पथकापुढे तो बराच काळ मौन धरून बसला. काय हवे, असे विचारल्यावर त्याने कोंबडी मागितली. ती पोटभर खाल्ल्यावर डोक्याला तेल, कंगवा आणि आरसा मागितला, भांग पाडला आणि मग बोलू लागला. त्याने ४१ खून कबूल केले आणि हत्यार लपवल्याची जागाही दाखवली.

आता मूळ प्रश्न. त्याला वेडा ठरवून सोडून दिले, असा सर्वांचा समज आहे. पण त्याला कोणीही सोडले नाही. भारतीय दंडसंहितेच्या कलम ८४ प्रमाणे (आता ते न्याय संहितेत कलम २२ आहे) आरोपीला नुसता मानसिक आजार असणे पुरत नाही. कृत्य करतेवेळी आपण काय करीत आहोत किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे, हेच कळण्यास तो त्या आजारामुळे असमर्थ होता, असे दिसावे लागते. १९६९ च्या खटल्यात पोलीस सर्जनने त्याला निरीक्षणाखाली ठेवून त्याची स्मरणशक्ती चांगली आणि बुद्धी सर्वसाधारण असल्याचे सांगितले. आपल्या कृत्याची त्याला जाणीव आहे, असेही म्हटले. बचावपक्षाच्या मनोविकारतज्ज्ञाने त्याला जुना पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया (संशय आणि भ्रमांनी ग्रासणारा मनोविकार) असल्याची साक्ष दिली. न्यायाधीशांनी त्याला दोषी धरून फाशीची शिक्षा सुनावली, आणि रमणने अपील करण्यास नकार दिला.

मात्र सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, मग आरोपी अपील करो वा न करो. उच्च न्यायालयाने तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला लावले आणि त्यांनी त्याच्या पाच मुलाखती घेतल्या. जगे दोन आहेत, एक हे आणि दुसरे 'कानून'चे, असे तो त्यांना सांगत असे. लोक आपल्याला बाईत बदलू पाहतात, पण आपण १०१ टक्के पुरुष आहोत, हे तो पुन्हा पुन्हा बजावी. शेवटच्या मुलाखतीनंतर डॉक्टरांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, तेव्हा आपण 'कानून'चे प्रतिनिधी असून या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, असे सांगून त्याने तो नाकारला. कृत्य कायद्याविरुद्ध आहे हे आरोपीला कळत होते का, असे कलम ८४ विचारते. आणि इथे तर आरोपी स्वतःलाच कायद्याचा माणूस समजत होता! वकिलीच्या पहिल्या वर्षी हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते.

खून करतेवेळी आरोपी भ्रमिष्ट होता, असे ठरले तर तो निर्दोष सुटतो. दोष सिद्ध झाल्यावर तो असाध्य मनोरुग्ण आहे, असे ठरले तर दोष तसाच राहतो, फक्त फाशी टळते. रमणच्या बाबतीत दुसरे घडले आणि १९८७ मध्ये त्याची फाशी जन्मठेपेत बदलली. माझ्या मते तो निर्णय योग्यच होता. मला खटकतो तो त्याला लागलेला अठरा वर्षांचा काळ. पुढे मूत्रपिंडे निकामी होऊन १९९५ च्या एप्रिलमध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मरण पावला.

हे सारे तोंडी सांगून झाल्यावर अण्णा म्हणाले, "म्हणजे सत्तावीस वर्षं पोसला." मी हिशेब करून सांगितले, सव्वीस वर्षे आणि सात महिने.