ओढतं की ढकलतं?

फळ्यावर चार मूलभूत बलांचा तक्ता लिहून झाला की दरवर्षी कोणीतरी हात वर करतंच. गुरुत्वाकर्षण ओढतं. विद्युतचुंबकीय बल ओढतंही आणि ढकलतंही. प्रबळ बल अणुकेंद्रक घट्ट बांधून ठेवतं. "मग हे क्षीण बल काय करतं? ओढतं की ढकलतं?" कॉलेज सुटून वीस वर्षं झालेली माणसंही भेटली की हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

हा प्रश्न मला स्वतःला चांगलाच भोवलेला आहे. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मी ठरलेली उपमा ठोकून दिली: दोन होड्यांतली माणसं एकमेकांकडे चेंडू फेकतात, धक्क्याने होड्या लांब सरकतात, तसे कण बलवाहक कणांची देवाणघेवाण करतात. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "बरं. एकट्या न्यूट्रॉनचा क्षय होतो, तेव्हा समोरची होडी कुठे असते?" मी गप्प. समोर होडी नसतेच.

तो एकटा न्यूट्रॉनच बघू. केंद्रकाबाहेर तो सरासरी ८८० सेकंद टिकतो, म्हणजे पंधरा मिनिटांना जरा कमी. त्याला कोणी हात लावत नाही. त्याच्या आत क्वार्क नावाचे आणखी लहान कण असतात: एक 'अप' आणि दोन 'डाऊन' प्रकारचे. त्यांतला एक डाऊन कधीतरी अप होतो आणि न्यूट्रॉनचा प्रोटॉन बनतो. सोबत एक इलेक्ट्रॉन आणि एक अँटिन्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण) बाहेर पडतात. हा इलेक्ट्रॉन आत कुठेतरी दडून बसलेला नव्हता, तो त्या क्षणी नव्याने जन्माला आला. अशा क्षयाला बीटा क्षय म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ फेर्मीने १९३३-३४मध्ये त्याचा सिद्धांत मांडला तो याच कल्पनेवर, आणि माझ्या मते त्यातलं खरं धाडस इथेच होतं.

तेव्हा माझं उत्तर असं: क्षीण बल प्रामुख्याने ओढतही नाही, ढकलतही नाही. ते कणाचा प्रकार बदलतं. डाऊनचा अप करणं बाकीच्या तिघांपैकी कोणालाही जमत नाही. (प्रामाणिकपणे सांगायचं तर क्षीण बलाच्या झेड या वाहक कणामुळे थोडी ढकलाढकलीही होते. न्यूट्रिनो एखाद्या इलेक्ट्रॉनला टक्कर देऊन जातो ती अशीच. पण वर्गात हे लगेच सांगितलं तर मूळ मुद्दा हरवतो.)

आता 'क्षीण' या शब्दाकडे वळू, कारण तोही तितकाच फसवा आहे. हे बल मुळात दुबळं नाही. कणांशी जोडलं जाण्याची त्याची मूळ ताकद विद्युतचुंबकीय बलापेक्षा जास्तच भरते! अडचण वाहकाची आहे. विद्युतचुंबकीय बलाचा वाहक प्रकाशकण, त्याला वस्तुमान नाही. इथला वाहक डब्ल्यू मात्र प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड. न्यूट्रॉनच्या क्षयात इलेक्ट्रॉन घडवून झाल्यावर उरते जेमतेम ०.७८ एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा, आणि खराखुरा डब्ल्यू बनवायला लागतात सुमारे ८०,४०० एमईव्ही. खिशात एक, सौदा लाखाचा. असला व्यवहार निसर्ग पूर्ण नाकारत नाही, पण क्वचितच होऊ देतो. किती क्वचित, ते वाहकाच्या वस्तुमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. बाकी सगळं तसंच ठेवून डब्ल्यू निम्म्या वजनाचा असता, तर क्षय १६ पट वेगाने झाला असता आणि न्यूट्रॉनचं आयुष्य मिनिटाच्या आत आलं असतं.

ऊर्जा भरपूर दिली की हा अडसर उरत नाही. हँबुर्गच्या हेरा या कण आदळवणाऱ्या यंत्रात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन पुरेशा जोराने आदळले, तेव्हा विद्युतचुंबकीय आणि क्षीण प्रक्रियांचं प्रमाण जवळपास सारखं झालेलं दिसलं. दोन्ही बलं एकाच घराण्यातली, हे ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांनी आधीच मांडलं होतं. १९७९चं नोबेल त्याचंच. डब्ल्यू आणि झेड प्रत्यक्ष सापडले ते १९८३मध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत.

या बलाची आणखी एक खोड आहे. ते डावं-उजवं बघतं. १९५६च्या शेवटी भौतिकशास्त्रज्ञ चिएन-शिउंग वू यांनी कोबाल्ट-६०ची केंद्रकं निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने रांगेला लावली. निसर्गाला डावं-उजवं सारखंच असेल, तर त्यांच्या बीटा क्षयातून निघणारे इलेक्ट्रॉन दोन्ही बाजूंना सारखे उडायला हवे होते. ते केंद्रकाच्या फिरकीच्या उलट दिशेलाच जास्त उडाले. ही शक्यता सुचवणाऱ्या ली आणि यांग यांना १९५७चं नोबेल मिळालं, वूंना नाही. मला हे अजून खटकतं.

"पण इतक्या क्वचित घडणाऱ्या गोष्टीचा उपयोग काय?" हा पुढचा प्रश्न. सूर्य बघा. दोन प्रोटॉन एकत्र येऊन ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) व्हायचं, तर त्यांतल्या एकाला त्याच क्षणी न्यूट्रॉन व्हावं लागतं. आणि ते काम या बलाचं. म्हणून सूर्याच्या गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं ताटकळावं लागतं, आणि सूर्याचं इंधन इतकं पुरतं.

तरीही शेवटचा हात वर होतोच. "मॅडम, ढकलत नाही, ओढत नाही, दुबळंही नाही, मग 'क्षीण बल' का म्हणायचं?" मी फळ्यावर 'बल' खोडून 'आंतरक्रिया' लिहिते. परीक्षेत मात्र 'बल'च लिहा म्हणून सांगते. प्रश्नपत्रिकेत तेच छापलेलं असतं.