गारा, काळी माती आणि थारचे टायर

मागच्या आषाढात वावराच्या रस्त्यावर माझी महिंद्राची थार अडकली, तिथून हे सगळं सुरू झालं. आमचं वावर चोपडा तालुक्यात, डांबरी सोडली की दीडेक किलोमीटर शिवरस्ता, आणि तो उन्हाळ्यात फुफाटा अन् पावसाळ्यात गारा, म्हणजे चिखल, मधलं काही नाहीच. दोन दिवस झड लागून उघडली होती आणि मला वाटलं फोर बाय फोर आहे, चारही चाकांना जोर आहे, ऑल टेरेन म्हणजे सगळ्या रस्त्यांवर चालणारे टायर आहेत, जाऊन येऊ. शंभर-दीडशे मीटर गेलो असेल. मग गाडी आधी जड झाली, मग मागचा भाग आडवा सरकायला लागला, आणि मग चारही चाकं मस्त फिरत होती, फक्त गाडी जागची हलत नव्हती.

उतरून पाहिलं तर टायरवर नक्षीच नाही. म्हणजे होती, पण आत. वरून काळा गुळगुळीत गोळा, कुंभाराच्या चाकावरून उतरवल्यासारखा. बोटाने उकरलं तर दोन इंच मातीच्या खाली रबर लागलं. माझ्या चपलांचीही तीच गत, एकेका पायाला दोन-दोन किलो, चाललं की उंची वाढतेय.

ट्रॅक्टर आला, साखळी लागली, गाडी निघाली, आणि आमचे नाना बांधावर उभे राहून एवढंच म्हणे, "मी सांगेल व्हतं." एवढं एक वाक्य पुढचे आठ दिवस पुरलं.

आता थोडं मातीबद्दल, कारण टायरच्या गप्पांमध्ये लोक मातीला विसरतात. इंटरनेटवर जे मड टायरचे व्हिडिओ असतात ते बहुतेक बाहेरच्या देशातले, तिथला चिखल वेगळा. आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली, तिच्यात फुगणारी चिकणमाती भरपूर, पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते, वाळली की आक्रसून हातभर खोल भेगा पडतात. कोकणातल्या लाल मातीत किंवा तापीच्या वाळूत जो टायर राजा तो इथे गपगार बसू शकतो. वाळूत गाडी रुतते. काळ्या मातीत रुतायच्या आधी टायर भरतो, आणि भरला की तो कुठल्याही कंपनीचा असो, गोटाच.

म्हणून आठ दिवस डोकं घालून मला जे कळलं ते असं, की आपल्याकडच्या गाऱ्यात टायरचं काम पकडायचं कमी आणि सोडायचं जास्त. माती खाचेत शिरणारच, ती प्रत्येक फेऱ्याला बाहेर फेकली गेली पाहिजे. हायवे टायरच्या खाचा पाणी काढायला असतात, बारीक. ऑल टेरेनचे रबरी ठोकळे मोठे पण जवळजवळ, खडीवर, मुरमावर, तोरणमाळच्या घाटात एक नंबर, गाऱ्यात मात्र भरतात. मड टेरेनमध्ये, म्हणजे खास चिखलाच्या टायरात, ठोकळे एकमेकांपासून लांब, मधल्या खाचा रुंद आणि कडेला उघड्या, म्हणजे माती दाबली गेली की बाजूने निघायला वाट आहे. काही टायरांत खाचेच्या तळाला छोटे उंचवटे असतात, तिथे दगड अडकून बसू नये म्हणून, आणि कडेच्या भिंतीवरही दात असतात, ते चाकोरीत टायर खाली गेला की बाजूची माती धरतात.

हे सगळं नवीन ज्ञान नानांना सांगितलं तर ते ट्रॅक्टरच्या मागच्या टायरकडे बघून हसले. बरोबर आहे, तिथे काय वेगळं आहे? तिरपे उंच दात, मध्ये मोकळं, कडेला मोकळं. ते टायर आपण लहानपणापासून बघतोय आणि अक्कल मात्र यूट्यूबवरून घेतोय.

दुकानात गेलो तर तिथे वेगळीच तऱ्हा. दुकानदार मला म्हणे भाऊ, गाऱ्यासाठी ना, मग रुंदच घ्या, जेवढा रुंद तेवढी ग्रीप, सोबत चाक बाहेर काढायला स्पेसर टाकून देतो, लूक पण येतो. लूक येतो हे खरंय. पण रुंद टायर मातीवर तरंगतो, आणि खाली टणक तळ असेल तर तरंगून उपयोग नाही, खाली पोचावं लागतं. आमच्या शिवरस्त्याला वरचा फूटभर गारा गेला की खाली जुना मुरूम आहे, तिथे अरुंद टायर माती कापून तळाला पोचतो. जिथे तळच नाही, म्हणजे नुसतं नांगरलेलं वावर, तिथे रुंद बरा, पण नांगरलेल्या वावरात पावसाळ्यात थार कशाला घालायची? बैलगाडीची धाव बघा, चार बोटं रुंदीची. आणि पूर्वी गावात जी जीप होती तिला ६.००-१६ चे टायर असायचे, आजच्या मानाने सायकलचेच, ती जीप लग्नाचं वऱ्हाड भरून याच रस्त्याने जायची.

माझ्या जुन्या थारला कंपनीकडून २३५/७० आर १६ मापाचे टायर होते, पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. मी २४५/७५ आर १६ मध्ये मड टेरेन घेतले. रुंदी फक्त एक सेंटिमीटरने वाढली पण टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटरवरून ७७४ वर गेला, त्यातला अर्धा जमिनीपासूनच्या उंचीत मिळतो, म्हणजे १९ मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण ट्रॅक्टरच्या दोन चाकोऱ्यांच्या मधे जो वरंबा तयार होतो ना, गाडी खरी तिथे बसते, डिफरन्शियल, म्हणजे चाकांच्या मधला गिअरचा गोळा, त्या वरंब्यावर टेकतं आणि चाकं नुसतीच फिरतात. तिथे पावणेदोन-दोन सेंटिमीटर म्हणजे देवच. बदल्यात स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो, ८० दिसले की खरे ८४ असतात, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत किंचित घासतं. याहून मोठं जायचं तर सस्पेन्शन उचला, फेंडर कापा, मग आरसी आणि विम्याचं लफडं, ते आपल्याला नको होतं.

एक गोष्ट सांगून ठेवतो, टायर बसवण्याआधी कडेवरचा चार आकडी नंबर वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३२२ असेल तर २०२२ सालचा तेविसावा आठवडा. मला आधी जे चार काढून दाखवले त्यातला एक बाकीच्या तिघांपेक्षा तीन वर्षं म्हातारा होता, आणि दुकानदार म्हणे काही फरक पडत नाही भाऊ. फरक पडत नाही तर तुझ्या गाडीला लाव की मग. दुकान बदललं.

घरी आणले तेव्हा नानांनी किंमत विचारली, मी दोन हजार कमी करून सांगितली, तरी म्हणे, "येवढा पैसामा त गाय ई जाती." म्हणजे एवढ्या पैशात गाय आली असती.

मग पहिल्या मोठ्या पावसानंतर परत तोच रस्ता. टायरची हवा ३२ पीएसआयवरून २० वर आणली, त्याने टायर थोडा लवचिक होतो, ठोकळे हलतात आणि माती सुटायला मदत होते. पंधराच्या खाली मी जात नाही, टायर रिंगवरून उतरला तर गाऱ्यात बसून बसवणार कोण. फोर लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर, दुसरा गिअर, आणि हे महत्त्वाचं, रेसवरून पाय उचलायचा नाही. दगडात हळूहळू चालवायची सवय असते, इथे उलटं, चाक जरा जोरात फिरलं तरच माती उडते. पहिले वीस-तीस मीटर टायर भरला, मला वाटलं झालं, परत साखळी, परत ते वाक्य. आणि मग एकदम धडधड आवाज सुरू झाला, चाकांच्या कमानीत ढेकळं आपटायला लागली, आरशात बघतो तर मागे काळी कारंजी. गाडी वाकडीतिकडी, खेकड्यासारखी, पण चालली. वावरापर्यंत गेली. काच, टप, दार, माझा डावा कान, सगळीकडे गारा.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर ती जाहिरात होईल. डांबरीवर साठच्या पुढे असा घोंगावतो की चोपड्याहून जळगावपर्यंत बायको आणि मी खुणेने बोललो. डिझेल जास्त पितो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ओल्या डांबरीवर ब्रेक, मोठ्या खाचांमुळे रस्त्याला रबर कमीच टेकतं, पहिल्या रिमझिमीत एका म्हशीपुढे गाडी जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, म्हशीने शांतपणे बघितलं, मी घामाघूम. तेव्हापासून पावसात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर. शिवाय वावरातून डांबरीला लागलात की लगेच वेग घेऊ नका, ढेकळं सुटतात आणि मागे दुचाकीवाला असतो.

अजून एक गंमत. एकदा सत्तरला स्टिअरिंग थरथरायला लागलं, मी घाबरलो, बॉल जॉइंट गेला की काय. अलाइनमेंटवाल्याने गाडी वर घेतली, रिंगच्या आतल्या बाजूला हात घातला आणि वाळून दगड झालेली काळी माती पेचकसने काढून माझ्या हातावर ठेवली. "तुमचं वावर," म्हणे. आता गाऱ्यातून आलं की मोटरच्या पाइपने रिंगा आतून धुतो.

माझा हिशोब असा होता की जूनपासून दसऱ्यापर्यंत मड टेरेन आणि मग परत ऑल टेरेन, म्हणजे दोन्ही जोड जास्त टिकतील. जुने चार गोठ्यात एकावर एक रचून ठेवले होते. दसऱ्याला काढायला गेलो तर सगळ्यात वरच्या टायरमध्ये मांजर व्यालेली, चार पिल्लं. नाना म्हणे राहू दे, डोळे उघडू दे त्यांचे. डोळे उघडून महिना झाला, ती आता टायरचे दात चावतात, आणि मी अजून घोंगावतच जळगावला जातोय.