कोल्मनस्कोप: हिऱ्यांचं ओस पडलेलं गाव आणि तिथे जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

कोल्मनस्कोप बघायचं तर सकाळी आठला फाटक उघडतं तेव्हाच दारात हजर राहा. साधं तिकीट दुपारी एकपर्यंतच चालतं. त्यात दुपारकडे झुकताना नैर्ऋत्येचा वारा सुटला की वाळू गालाला टोचायला लागते आणि कॅमेरा पिशवीतून काढवत नाही. नामिबियाच्या दक्षिण भागात ल्युडेरित्झ नावाचं बंदर आहे. तिथून जेमतेम दहा किलोमीटर आत, नामिबच्या वाळवंटात हे गाव उभं आहे. 1908 मध्ये इथे हिरे सापडले, तेव्हा नामिबिया ही जर्मनीची वसाहत होती. बघता बघता नाट्यगृह, इस्पितळ, बर्फाचा कारखाना अशा सगळ्या सोयींचं जर्मन गाव वसलं, आणि 1956 पर्यंत शेवटचं कुटुंबही निघून गेलं. तेव्हापासून घरांत वाळू राहते आहे.

बडोद्याहून आम्ही तिघं गेलो होतो: मी, ताई आणि भाऊजी. भाऊजी बरीच वर्षं सुरतेला एका हिऱ्याच्या कारखान्यात हिशेब बघतात. "घंटीवर, म्हणजे घासायच्या चाकावर, चढायच्या आधीचा हिरा आम्ही कधी बघतच नाही, तो कुठून निघतो ते एकदा बघायचंय," असं ते म्हणायचे. जायचं ठरलं ते त्यावरूनच. एरवी नामिबियाला गेलेली आपली मंडळी एटोशाचे प्राणी आणि सोसुसव्लेईच्या लाल टेकड्या बघून परततात, दक्षिणेकडे फिरकतच नाहीत.

आधी जाण्याबद्दल. मुंबईहून आदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे विंडहुक गाठावं लागतं. आदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि ते कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. परत येताना आपल्या विमानतळावरही ते विचारलं जाऊ शकतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा ऐकीव माहितीवर न जाता सरकारी संकेतस्थळ बघूनच तिकीट काढा.

विंडहुकहून ल्युडेरित्झ साधारण आठशे किलोमीटर. केटमान्सहूपपर्यंत बी-1 आणि पुढे बी-4, रस्ता शेवटपर्यंत डांबरी. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे भाऊजींना काही जड गेलं नाही. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. हे अंतर एका दमात तोडू नका, केटमान्सहूपला मुक्काम करा. अंधार पडल्यावर गाडी चालवूच नका. कुडू नावाचं मोठं हरीण अचानक रस्त्यावर येतं, आणि भाड्याच्या गाडीच्या करारात रात्रीच्या प्रवासाला विमा नसल्याची अट असू शकते, ती आधी वाचून घ्या. आऊस या छोट्या गावात टाकी भरा. तिथून ल्युडेरित्झपर्यंत सव्वाशे किलोमीटर काही म्हणजे काही नाही. वाटेत गारुबला पाणवठ्यावर वाळवंटातले रानटी घोडे दिसतात, त्यांच्यासाठी अर्धा तास जरूर द्या. शेवटच्या टप्प्यात रस्त्यावर वाळूचे ढीग येऊन पडलेले असतात, तिथे वेग कमी ठेवा. आणि रस्ता सोडून उतरू नका. हा सगळा पट्टा 1908 पासून हिऱ्यांचं निषिद्ध क्षेत्र होता. आज त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं असलं तरी परवानगीशिवाय आत पाऊल टाकता येत नाही.

आता गाव. तिकिटातच गाइडची फेरी असते. ती घ्याच, पण आधी तास-दीड तास एकट्यानं फिरून घ्या. सकाळचं तिरपं ऊन खिडक्यांतून आत येतं तेव्हा वाळूवरची एकेक सुरकुती उठून दिसते. डॉक्टरचं घर, शिक्षकाचं घर, खाणीच्या व्यवस्थापकाचं घर, प्रत्येकावर पाटी आहे. एका घराचं दार आम्हाला अर्धंच उघडं सापडलं. वाळूनं त्याला तिथेच धरून ठेवलं होतं, मांडीएवढ्या उंचीवर. आडवं होऊन आत गेलो. आतल्या भिंतीवर कमरेच्या उंचीला साच्यानं काढलेली वेलबुट्टीची पट्टी अजून शाबूत होती, निळा रंग जरासा उडालेला. पण खिडकीसमोरच्या भिंतीवर वाळू इतकी घासत आली होती की तिथली वेल पार पुसली गेली होती. ताई तिथे बराच वेळ उभी होती. ती पट्टी काढणाऱ्याचा हात किती स्थिर असेल, एवढंच म्हणाली.

इस्पितळाचा लांबलचक बोळ चुकवू नका. इथे दक्षिण गोलार्धातलं पहिलं क्ष-किरण यंत्र होतं, असं गाइड सांगतो. हाडं तपासण्याबरोबर मजुरांनी हिरे गिळले आहेत का, हे बघायलाही ते वापरलं जाई. पाण्याचं ऐकून तर आम्ही थक्क झालो. गोडं पाणी जहाजातून केप टाउनहून यायचं, म्हणजे हजारएक किलोमीटर लांबून. आणि त्याच गावात बर्फाचा कारखाना होता आणि घरोघरी रोज बर्फाची लादी पोचायची! टेकडीवर पोहण्याचा तलाव होता, तो समुद्राच्या पाण्यानं भरत. मोठ्या करमणूकगृहात व्यायामशाळा आहे, तळाशी लाकडी सोंगट्या पाडायच्या खेळाची पट्टी आजही आहे. भरभराटीच्या काळात तीनेकशे जर्मन, त्यांची चाळीसएक मुलं आणि आठशेच्या आसपास ओवाम्बो जमातीचे मजूर इथे होते. 1912 मध्ये या पट्ट्यातून सुमारे 10 लाख कॅरट हिरे निघाले. भाऊजींनी लगेच हिशेब केला: पाच कॅरटचा एक ग्रॅम, म्हणजे दोनशे किलो.

हे हिरे खोल खाणीतून नव्हे, चक्क वाळूवरून उचलले जात. मजूर एका ओळीत पोटावर सरकत, नजर जमिनीला लावून खडे वेचत. पुढे 1928 मध्ये दक्षिणेला ऑरेंज नदीच्या मुखाजवळ याहून मोठे हिरे सापडले आणि माणसं तिकडे वळली. गाव ओस पडलं ते यामुळे, वाळूमुळे नाही. वाळू नंतर आली.

गाइडला मजुरांबद्दल आपणहून विचारा, हे मी मुद्दाम सांगते आहे. बर्फ, नाच, नाटकं यांच्या गोष्टी रंगतात आणि फेरी संपते. ओवाम्बो मजूर उत्तरेकडून कराराने यायचे, वेगळ्या वस्तीत राहायचे. त्यांच्या खोल्यांचे फोटो कुणाच्या भिंतीवर लागत नाहीत. पहिला हिरा सापडला तोही एका मजुरालाच. झकारियास लेवाला त्याचं नाव. आधी दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणीत काम केलेला माणूस, इथे रेल्वेच्या रुळांवरची वाळू फावड्यानं उपसत होता. खडा दिसला तसा त्यानं ओळखला आणि आपल्या साहेबाला, ऑगस्ट श्टाउखला नेऊन दिला. श्टाउखनं आजूबाजूच्या जमिनीचे हक्क मिळवले आणि तो गडगंज झाला. लेवालाला बक्षीस म्हणून काही मिळालं नाही.

बडोद्याच्या माणसाला हे ऐकून आपली एक गोष्ट आठवावी. गायकवाडांच्या जडजवाहिरात 'स्टार ऑफ द साऊथ' नावाचा नामांकित हिरा होता. तो 1853 मध्ये ब्राझीलमध्ये एका गुलाम स्त्रीला सापडला होता. हिरा कोणत्या राजाकडे गेला हे आपण चवीनं सांगतो. त्या स्त्रीचं नाव लहानपणापासून मला कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी भाऊजींशी याच विषयावर बोलणं चाललं होतं. "रफच्या, म्हणजे कच्च्या हिऱ्यांच्या, पाकिटावर वजन असतं, दर्जा असतो. उचलणाऱ्याचं नाव लिहायला त्यावर रकानाच नसतो," ते म्हणाले.

म्हणून माझा आग्रह असा की ल्युडेरित्झला किमान दोन मुक्काम ठेवा आणि दुसरा दिवस शार्क आयलंडला द्या. नाव बेटाचं असलं तरी ते आता जमिनीला जोडलेलं आहे, गावातून चालत जाता येतं. 1905 ते 1907 या काळात जर्मनांनी हेरेरो आणि नामा या स्थानिक जमातींच्या लोकांना इथल्या छळछावणीत डांबलं होतं. बायका, मुलं, म्हातारे, सगळ्यांना या बोचऱ्या वाऱ्यात ठेवलं. कैद्यांना रेल्वेच्या कामावर जुंपलं जाई, आणि हजाराहून जास्त माणसं मेली. नामांचा पुढारी कॉर्नेलियस फ्रेडरिक्स 1907 मध्ये इथेच मेला, त्याचं स्मारक आहे. लेवाला ज्या लोहमार्गावरची वाळू उपसत होता, तो याच काळात, असाच बांधला गेला. जर्मनीनं 2021 मध्ये हा नरसंहार असल्याचं मान्य केलं, आणि नामिबियात 2025 पासून 28 मे हा त्याचा स्मृतिदिन पाळला जातो. या जागेवर तंबू ठोकून राहायची सोय आहे, समुद्राचा देखावाही सुंदर आहे. पण तिथे राहू नका. गावात घरगुती निवास भरपूर आहेत.

फोटोसाठी सूर्योदय-सूर्यास्ताला आत राहायचं असेल तर वेगळा, महाग परवाना लागतो. त्याची चौकशी आदल्या दिवशीच करा. आत फरशा कुजलेल्या आहेत, जिने पोकळ आहेत. वरच्या मजल्यावर पाय ठेवण्याआधी दाबून बघा. सँडल नको, घोट्यापर्यंतचे बूट घाला. वाळूत साप असतात आणि रात्री तपकिरी तरसांचा वावर असतो. सकाळी लवकर गेलात तर खोल्यांतून त्यांच्या पावलांची रांग दिसेल. कितीही चमकणारा खडा दिसला तरी उचलू नका. कच्चा हिरा जवळ बाळगणं तिथे गुन्हा आहे.

थंडीचे कपडे न्याच. बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे समुद्र बर्फासारखा गार, सकाळी धुकं आणि वाऱ्याला सुट्टी नाही. साधारण सप्टेंबर ते मार्च वारा फार असतो, मे ते ऑगस्टच्या सकाळी त्यामानानं शांत. शाकाहाऱ्यांचे हाल होतात, कारण गाव मासे आणि कालवांचं. आम्ही स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आणि रात्री मुगाची खिचडी लावली. मेतकूट, भाकरवडी, चिवडा असा कोरडा खाऊ बंद पाकिटांतून न्या. खिशात दक्षिण आफ्रिकेचे रँड असले तरी चालतात, नामिबियन डॉलरशी एकास एक. विजेची सॉकेट आपल्या गीझरच्या जाड तीन पिनांची, त्यामुळे तशा पिनांचा एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला की काम भागतं.

वेळ उरला तर डायस पॉइंटचा क्रॉस बघा. 1488 मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ डायसनं तिथे खांब रोवला होता, आणि त्याच्यासारखाच आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून पुढे वास्को द गामा आपल्याकडे आला. एलिझाबेथ बे आणि पोमोना ही आणखी दोन ओस गावं निषिद्ध क्षेत्रात आहेत. तिथे फक्त परवानाधारक सहलीनंच जाता येतं, आणि पासपोर्टची प्रत बरेच दिवस आधी पाठवावी लागते. तेवढी सवड नसेल तर ती दोन गावं राहू द्या, पण शार्क आयलंड वगळून ल्युडेरित्झहून निघू नका.