नुसते पाणी फवारलेली रोपे

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर गोव्यात जे अळसांदे घेतात, त्याच चवळीच्या रोपांवर मी प्रयोगशाळेत काम करते. अळीने पान कुरतडले की रोप जस्मोनिक आम्लाच्या मार्गाने संरक्षक जनुके चालू करते, भुरी पडली की मुख्यतः सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गाने, आणि हे दोन मार्ग पुष्कळदा एकमेकांना दाबतात. दोन्ही संकटे एकदम आली तर अळसांदे काय करते, हे आम्हाला पाहायचे होते.

एका ट्रेवर मिथाइल जस्मोनेट, म्हणजे जस्मोनिक आम्लाचेच एक रूप, आणि तुलनेच्या ट्रेवर नुसते पाणी फवारून दुसऱ्या दिवशी मी पाने द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, खलात कुटली. आपल्याकडच्या दमट हवेत खलाच्या काठावर बघता बघता हिम धरते आणि भुकटीला ओल लागली की आरएनए, म्हणजे चालू जनुकाची जी नक्कल आम्ही मोजतो ती, गेलाच म्हणून समजावे. हा हात बसायला मला दोन पावसाळे लागले आहेत. म्हणूनच, अळीच्या पोटातले प्रथिनांचे पचन रोखणारे ट्रिप्सिन इनहिबिटरचे जनुक नुसते पाणी फवारलेल्या रोपांमध्येही, नकला दर चक्राला दुप्पट करणाऱ्या पीसीआर यंत्रात, मागच्या तुकडीपेक्षा चार चक्रे आधी, म्हणजे सुमारे 16 पट, वर आलेले दिसले, तेव्हा ‘पिपेट चुकले असेल, पुन्हा कर’ हा वरिष्ठांचा शेरा मला झोंबला. तुलनेसाठी मोजतात त्या, एरवी सारख्याच चालू राहणाऱ्या ॲक्टिन जनुकाची रेषा जागच्या जागी होती आणि रोपाचे काहीच न घातलेल्या कोऱ्या नमुन्यात काहीच उमटले नव्हते, हे पाहण्याची तसदीही त्यांनी घेतली नाही.

रोपांना पाणी घालणाऱ्या मावशी आदल्या दिवशी दारातच म्हणाल्या होत्या, “बाये, हांगा जायांचो वास येता.” मी हसले होते. वास खराच होता, कारण मिथाइल जस्मोनेट हा जाईच्या सुगंधातलाच एक घटक आहे आणि तो हवेत उडतो. शेजारच्या झाडापासून हवेतून आलेल्या या वायूनेच टोमॅटोच्या पानांत असे इनहिबिटर तयार होतात, हे 1990 मध्येच दाखवले गेले आहे. पेशीत जॅझ नावाची प्रथिने या जनुकांना दाबून ठेवतात. जस्मोनेटचा संकेत पोचला की ती मोडली जातात, मग तो संकेत फवाऱ्यातून येवो की बंद वातानुकूलित खोलीतल्या हवेतून.

परंतु मावशींनीच पुढे सांगितले की तुलनेच्या ट्रेवर चार मावे दिसले, म्हणून त्यांनी पाने बोटांनी पुसून काढली होती. चोळलेल्या, दुखावलेल्या पानातही जस्मोनिक आम्ल वाढते. मावा रस शोषतो तेव्हा बहुधा वर येणारे, सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गातले पीआर-1 जनुक मात्र त्या पानांत शांत होते, त्यामुळे माव्यावर आळ घालता येत नाही. उरतात वायू आणि मावशींची बोटे.

पुढच्या तुकडीत मी तुलनेचा ट्रे पलीकडच्या खोलीत हलवला आणि पानांना हात लावू नका, असेही मावशींना सांगितले. जनुक शांत राहिले. दोन्ही बदल एकाच वेळी करण्याची घाई माझीच होती.