गोलसमोरचं टक्कल: न्यू जर्सीतल्या पार्कच्या मैदानाची यंदाची नोंद

मंडळी, फुटबॉलचा फॉल म्हणजे शरद ऋतूतला सीझन संपला. मैदानं आखणारे, जाळ्या बांधणारे, शनिवारी सकाळी सगळ्यांच्या आधी पार्कात पोचणारे जे कोणी आहेत, त्यांच्यासाठी ही नोंद. कोचिंगवर पुष्कळ जण लिहितात. गवतावर फारसं कोणी लिहीत नाही. खेळून खेळून गोलसमोरचं गवत जातं आणि तिथे टक्कल पडतं. यंदा माझ्यापुढे काम एकच होतं: नोव्हेंबरमध्येही गोलसमोर हिरवं दिसलं पाहिजे.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. मध्य न्यू जर्सीतल्या बहुतेक टाउनशिपमध्ये असते तशीच. साधारण ११० बाय ७० यार्डांचं गवताचं मैदान, एका कोपऱ्याला बेसबॉलचं आउटफिल्ड येऊन भिडतं, पलीकडे तळं, आणि तळ्यावर कॅनडा गीज, म्हणजे रानहंस. पाण्याची पाइपलाइन नाही. शनिवारी टाउनची रेक्रिएशन लीग परमिट काढून खेळते. रविवारी सकाळी मोठ्यांचा पिकअप गेम असतो, म्हणजे जो येईल तो खेळतो: अर्धे ग्वातेमालाचे, काही घानाचे, आम्ही तीन-चार देशी. पार्क सार्वजनिक आहे, त्यामुळे कुणाला हाकलता येत नाही आणि हाकलूही नये. न्यू जर्सीत मोकळ्या जागा घ्यायला पैसे देणारी ग्रीन एकर्स नावाची राज्याची योजना १९६१पासून आहे. त्या पैशातून घेतलेली जागा कायम मोकळी ठेवावी लागते. दुसऱ्या कामाला वळवायची तर राज्याची परवानगी लागते. एवढ्या महागड्या उपनगरात हा हिरवा चौकोन अजून शिल्लक आहे, त्यात अशा योजनांचा मोठा हात आहे.

ऑगस्ट

इथलं गवत थंड हवेचं. केंटकी ब्लूग्रास जमिनीखालून आडव्या मुळांनी पसरतं आणि उखडलेली जागा स्वतःच भरून काढतं, पण बी उगवायला दोन ते चार आठवडे घेतं. पेरेनियल राय आठवड्याभरात हिरवं दिसतं, पण ते झुबक्यातच राहतं, पसरत नाही. बी टाकायची इथली योग्य वेळ म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य. सीझन सुरू होतो लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लगेच. म्हणजे गवताला ज्या दिवसांत शांतता हवी, नेमके त्याच दिवसांत आठ वर्षांची पोरं त्यावर उड्या मारत असतात. या छंदाचं सगळं दुखणं इथे आहे.

टाउनच्या माणसांनी कोअर एरेशन करून दिलं, म्हणजे मातीच्या बोटभर गुंडाळ्या उपसून जमिनीला भोकं पाडली. दाबली गेलेली माती ओळखायला महाग उपकरण लागत नाही. पावसानंतर दुसऱ्या दिवशी लांब स्क्रूड्रायव्हर हाताने खुपसून बघा. मधल्या वर्तुळाजवळ तो मुठीपर्यंत जात होता, गोलसमोर दोन इंचांवर अडत होता. तिथे मुळं जाणार कुठे? गोलसमोर आम्ही राय जास्त टाकलं, बाकी ठिकाणी दोन्हींचं मिश्रण. पाणी घालायला शेजारच्या घरातून नळी ओढली; त्या आजींना दिवाळीचा फराळ कबूल केला होता, तो पोचता केला आहे.

सप्टेंबर: मैदान आडवं केलं

यंदाचं खरं काम हे. नऊ-दहा वर्षांची मुलं सात-सात खेळतात. त्यांच्या मैदानाची लांबी ५५ ते ६५ यार्ड आणि रुंदी ३५ ते ४५ यार्ड असावी असं यूएस सॉकरचं, म्हणजे इथल्या फुटबॉल महासंघाचं माप आहे. आजवर आमच्याकडे मोठ्या मैदानाच्या एका टोकाला एक छोटं मैदान आखायचे, आणि त्याचा एक गोल मोठ्या गोलच्याच जागी यायचा. टक्कल पडलेल्या डोक्यावर आणखी वस्तरा.

यंदा मोठ्या संघांना शाळेच्या सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर जागा मिळाली, म्हणून अख्खा चौकोन लहानांसाठी मोकळा झाला. मग ६० बाय ४० ची दोन मैदानं आडवी टाकली. ७० यार्डांच्या रुंदीत ६० ची लांबी बसते, दोन्ही बाजूंना पाच-पाच यार्ड पालकांच्या खुर्च्यांना. ११० यार्डांत चाळीसची दोन मैदानं, मध्ये दहा यार्ड, दोन्ही टोकांना दहा-दहा. मोठ्या मैदानाचा सहा यार्डांचा गोल एरिया, म्हणजे सगळ्यात उघडी पडलेली जागा, बरोब्बर त्या टोकाच्या दहा यार्डांत मैदानाबाहेर पडते. तिथे खुंट्या ठोकून दोरी बांधली आणि बी टाकलेल्या जागेला ऑक्टोबरअखेरपर्यंत खेळताना कुणी पाय लावला नाही. (गीज सोडून. त्यांना दोरी कळत नाही.)

कागदावर हे सोपं आहे. जमिनीवर काटकोन काढताना घाम निघतो. कोपऱ्यावर तीन-चार-पाचचा त्रिकोण आखा, पण दोरी ताणून किमान ३०, ४०, ५० फुटांचा. छोट्या त्रिकोणातली बोटभर चूक साठ यार्डांवर हातभर होते. शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे. ६० बाय ४० ला कर्ण ७२ यार्ड आणि ४ इंच येतो. दोन्ही कर्ण जुळले की रंगाचा डबा उघडायचा, त्याआधी नाही. कोल्हापुरात आम्ही फक्की मारायचो: पोत्यातली पांढरी पावडर, मूठ सैल सोडत चालत जायचं, आणि रेष वाकली तर पंचाच्या नावाने शिमगा. इथे पाण्यात मिसळणारा रंग आणि चाकांचं यंत्र. गवत आदल्या दिवशी कापलेलं आणि कोरडं हवं. दवावर मारलेला रंग बुटांना लागून घरी जातो. रेष चार इंचांची पुरते. छोट्या मैदानांना निळा रंग ठेवला, म्हणजे जुन्या पांढऱ्या रेषांशी गोंधळ होत नाही.

पेनल्टी बॉक्सची पुढची रेष आणि मधली रेष यांच्या बरोबर मध्ये बिल्ड-आउट लाइन येते, ती विसरू नका. गोलीच्या हातात चेंडू आला की समोरच्या संघाने त्या रेषेमागे जायचं असतं, म्हणजे पोरं चेंडू उगाच लांब न मारता मागून खेळ उभा करतात. पालकांना हा नियम आवडत नाही. मला फार आवडतो.

सहा-सात वर्षांच्या मुलांचं चार-चारचं मैदान ३० बाय २० पुरे. त्यात गोली नसतो आणि गोल हाताने उचलता येतो, म्हणून दर शनिवारी वेगळ्या जागी मांडला. त्या मुलांनी गवताचं काहीही नुकसान केलं नाही.

नुकसान होतं सरावात. सामन्यात चेंडू सगळीकडे फिरतो. सरावात मात्र कोच बारा पोरांना गोलसमोर रांगेत उभं करतो, एकेकाने पळत यायचं आणि मारायचं. तोच पाय, तीच जागा, तासभर. पोरं तशीही रांगेत उभी राहून काही शिकत नाहीत. यंदा सरावाच्या दिवशी गोल मैदानाबाहेर काढून कुंपणाकडे तोंड करून ठेवले. दोन कोच रुसले. एकाने तक्रारीची ईमेल लिहिली, नंतर स्वतःच पॉपअप म्हणजे घडीचा हलका गोल घेऊन आला.

गोल हलवणाऱ्यांनी एक गोष्ट गंमतीवारी नेऊ नये. मोठा लोखंडी गोल पुढे कलंडून मुलांचे जीव गेले आहेत. इथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाकडे अशा घटनांच्या नोंदी आहेत. मागच्या आडव्या नळीवर वाळूच्या पिशव्या किंवा जमिनीत अँकर, आणि काम झालं की दोन गोल तोंडाला तोंड लावून साखळीने बांधायचे. चाकांचे असतील तरी हेच.

ऑक्टोबर

पाऊस. भिजलेल्या मातीवर एक सामना म्हणजे महिन्याच्या मेहनतीवर पाणी, कारण ओली माती बुटाखाली दाबली गेली की तिच्यातली हवेची जागाच संपते. आम्ही एक शनिवार रद्द केला. ऊन पडलं होतं, त्यामुळे पालक चिडले. मलाही आतून वाईट वाटतंच. आषाढात चिखलात लोळत खेळणारी पोरं आम्ही. पण त्या मुरमाच्या मैदानावर गमवायला गवतच नव्हतं. आमच्याकडच्या कसोटीत पाय ठेवल्यावर पाणी वर आलं की खेळ नाही. विजेला तर चर्चाच नाही: गडगडाट ऐकू आला की सगळे गाडीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत यायचं नाही.

धनत्रयोदशी शनिवारीच आली आणि आमचा संघ कसाबसा सहा जणांवर आला. समोरच्या कोचने न सांगता स्वतःचा एक खेळाडू कमी केला.

महिन्याच्या मध्याला दोन्ही मैदानं तीन-तीन यार्ड आत सरकवली. मधली जागा दहाची चार झाली, पण गोली उभा राहून घासतो तो पट्टा त्यामुळे बदलला. तीन यार्ड थोडे वाटतात. नुसत्या डोळ्यांनी फरक दिसला.

सिंथेटिकचा विषय टाउनमध्ये पुन्हा निघाला आहे. मी विरोधात नाही. पावसानंतर तासाभरात खेळता येतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण जुलैच्या उन्हात ते गवतापेक्षा कितीतरी तापतं आणि आठ-दहा वर्षांनी अख्खा गालिचा बदलावा लागतो, तो खर्च बैठकीत कोणी मोठ्याने बोलत नाही. ईस्ट रदरफोर्डच्या मेटलाइफ स्टेडियममध्ये एरवी सिंथेटिक असतं. १९ जुलै २०२६ला तिथे वर्ल्ड कपची फायनल आहे आणि ती खऱ्या गवतावर होणार. तिथून काही मैलांवर कर्नी हे छोटं गाव. स्कॉटलंडहून सूतगिरणीत कामाला आलेल्या लोकांनी तिथे फुटबॉल रुजवला, आणि जॉन हार्क्स, टॅब रामोस, टोनी मिओला हे तिघे तिथेच वाढून १९९० आणि १९९४च्या वर्ल्ड कपला खेळले. आमच्या पोरांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं की त्यांचा टर्फ (सिंथेटिक मैदान) होता का.

नोव्हेंबर

मोजमाप: मोठ्या मैदानाच्या तळ्याकडच्या गोलसमोर सलग गवत आहे. दुसऱ्या टोकाला पाऊणएक. तिथे बेसबॉलवाल्यांची वाट जाते, दोरी असो वा नसो. छोट्या गोलांच्या चारही जागा विरळ झाल्या, पण माती फक्त एका ठिकाणी दिसते. इथे नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे घेतात, त्यानंतर साडेचारनंतरच अंधार पडू लागला आणि सराव आपोआप थांबला, हा गवताला मिळालेला बोनस.

पुढच्या वर्षीचं आखणं मात्र अजून ठरवता येत नाही. २०२६-२७पासून वयोगट जानेवारीऐवजी १ ऑगस्टच्या तारखेवर मोजणार आहेत, म्हणजे मुलं वर-खाली सरकतील. नऊ-नऊ खेळणारे संघ वाढले तर त्यांना किमान ७० यार्ड लांबी लागते. ती आडवी टाकली तर खुर्च्यांना इंचभरही जागा उरत नाही. उभं टाकायचं तर गोल कुठे येईल, ते हिवाळ्यात कागदावर बसवतो आहे. कुणी ७० बाय ४५ मोठ्या मैदानात तिरकं नाही तर एका बाजूला सरकवून बसवलं असेल, तर मापं पाठवा.

डिसेंबरात जमीन गोठायच्या आधी उघड्या जागेवर बी टाकून ठेवणार आहे. ते थंडीत पडून राहतं आणि वसंतात उगवतं. तोवर आठही कोपऱ्यांवर प्लास्टिकच्या नळ्या जमिनीत पुरल्या आहेत, तोंड मातीच्या दोन इंच खाली, म्हणजे गवत कापायच्या यंत्राला लागत नाहीत. मार्चमध्ये त्यांत खुंटी घालून थेट दोरी बांधायची.