‘केबीडी’ काढून टाकले जाऊ शकते: बूट होताना येणारा इशारा नेमका कोणाला?

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच मोफत ऑपरेटिंग सिस्टमची तेरावी आवृत्ती बसवून संगणक पहिल्यांदा सुरू केला की पडद्यावरून भराभर वर सरकणाऱ्या ओळींमध्ये एक ओळ बहुतेकांना खटकते. ‘केबीडी’ हे डिव्हाइस ‘जायंट लॉक्ड’ आहे आणि फ्रीबीएसडी १४.० येण्यापूर्वी ते काढून टाकले जाऊ शकते, असा तिचा आशय असतो. केबीडी म्हणजे कीबोर्ड हे लक्षात यायला वेळ लागत नाही, आणि लक्षात आले की पुढच्या आवृत्तीत कीबोर्ड चालणार नाही की काय, ही शंका येतेच. लिनक्सकडून नुकताच इकडे वळलेल्या माझ्या एका मित्राने तर मला अगदी गंभीरपणे विचारले होते, “अरे, मग आत्ताच दुसरा कीबोर्ड घेऊन ठेवू का?” त्याला हसण्यात अर्थ नव्हता, कारण त्या ओळीत जे लिहिले आहे त्याचा सरळ अर्थ तोच निघतो.

ती ओळ समजून घ्यायची तर ‘जायंट’ म्हणजे काय हे आधी पाहावे लागते. १९९८ साली आलेल्या फ्रीबीएसडी ३.० मध्ये एकापेक्षा अधिक प्रोसेसर असलेल्या यंत्रांना आधार मिळाला, पण तो अगदी ढोबळ होता. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा; त्या संपूर्ण कर्नलला मिळून एकच कुलूप होते आणि ज्या प्रोसेसरच्या हाती ते असेल त्यालाच कर्नलच्या आत काम करता येत असे. बाकीच्यांनी बाहेर थांबायचे. एकाच वेळी दोघांनी एकच माहिती बदलून घोळ होऊ नये यासाठी हा उपाय पुरेसा होता, मात्र प्रोसेसरांची संख्या वाढली की त्यांचा बराचसा वेळ नुसता वाट पाहण्यात जाई. जानेवारी २००३ मध्ये आलेल्या ५.० पासून या एका मोठ्या कुलपाच्या जागी, प्रत्येक उपप्रणालीला तिचे तिचे छोटे कुलूप देण्याचे काम टप्प्याटप्प्याने होत गेले. जे भाग अजून बदललेले नव्हते ते ‘जायंट’ नावाच्या त्या जुन्या कुलपाखालीच राहिले. लिनक्सलाही या वाटेने जावे लागले आहे. तिथले असेच मोठे कुलूप २०११ मध्ये आलेल्या २.६.३९ या आवृत्तीत शेवटी निघाले.

ज्या ड्रायव्हरला, म्हणजे एखादे उपकरण चालवणाऱ्या कोडला, अजून जायंटची गरज लागते त्याच्या सोर्स कोडमध्ये ‘डी_नीडजायंट’ हा फ्लॅग, म्हणजे एक खूण, लावलेला असतो. त्या ड्रायव्हरची नोंद ‘/डेव्ह’ या उपकरणांच्या फोल्डरखाली तयार होत असताना कर्नल हा फ्लॅग पाहतो आणि ती खटकणारी ओळ छापतो. म्हणजे त्या क्षणी तुमच्या कीबोर्डची कोणतीही तपासणी झालेली नसते, त्यात काही बिघाड आढळलेला नसतो, आणि तुम्ही बाजारातला सर्वांत महागडा कीबोर्ड आणून जोडला तरी तीच ओळ उमटते. बोलणे चाललेले असते ते कोड लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. एका डेव्हलपरने दुसऱ्या डेव्हलपरसाठी ठेवलेली ही चिठ्ठी आहे. ती वापरणाऱ्याच्या पडद्यावर छापली जाते, एवढेच.

कीबोर्डचा कोड इतकी वर्षे मागे का राहिला, यालाही कारण आहे. कीबोर्ड कन्सोलशी, म्हणजे यंत्राच्या मूळ पडद्याशी, जोडलेला असतो आणि कर्नल कोसळल्यावर डीबगरमध्ये (बिघाड शोधण्याच्या साधनात) जे काही टाइप करायचे ते त्याच्याच मार्फत जाते. बाकी सगळे ठप्प झालेले असताना, कोणते कुलूप कोणाच्या हाती अडकले आहे याचा भरवसा नसताना, कळ दाबल्याचे कर्नलला कळायलाच हवे. अशा कोडमधली कुलपे बदलणे जिकिरीचे असते आणि त्यातून कोणाला वेगाचा लाभही मिळत नाही, कारण माणूस कितीही भरभर टाइप करत असला तरी प्रोसेसरच्या दृष्टीने तो आरामातच बसलेला असतो. स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या प्रकल्पात असे काम मागे पडत जाणे स्वाभाविक आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये १४.० आली. कीबोर्ड चालू राहिला आणि ओळीत १४.० च्या जागी १५.० हा आकडा आला. पुण्यातल्या जुन्या वाड्यांना दर पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतीची नोटीस लागते आणि पुढच्या वर्षी त्याच भिंतीवर नव्या तारखेची नोटीस दिसते, तशातलाच हा प्रकार आहे. नोटीस खोटी नसते. पण काम हाती घेणारा कोणी नसेल तर तारीखच पुढे सरकते. पुढे सोर्स कोडमध्ये ‘डी_जायंटओके’ नावाचा आणखी एक फ्लॅग आला. एखाद्या ड्रायव्हरला जायंट लागते हे मान्य करून त्याच्यापुरती ही ओळ न छापण्याची सोय त्याने झाली. माझ्या मते मुळातली वाक्यरचनाच चुकीची होती. ‘डिव्हाइस काढून टाकले जाऊ शकते’ याऐवजी ‘या ड्रायव्हरचा कोड जुन्या पद्धतीचा आहे’ एवढेच लिहिले असते, तर कित्येकांचा जीव टांगणीला लागला नसता.

मात्र यावरून असे सगळेच इशारे पोकळ असतात असा समज करून घेऊ नये, कारण त्याच फ्रीबीएसडीमध्ये नेमका उलटा अनुभवही आलेला आहे. १० आणि १०० मेगाबिट वेगाच्या जुन्या इथरनेट कार्डांचे बरेच ड्रायव्हर काढून टाकावेत, असा प्रस्ताव २०१८ मध्ये मांडला गेला. डिसेंबर २०१८ च्या १२.० मध्ये त्या ड्रायव्हरांनी बूट होताना इशारा द्यायला सुरुवात केली. त्यात ‘जाऊ शकते’ असे मोघम काही नव्हते; हा कोड फ्रीबीएसडी १३ मध्ये काढला जाणार आहे असे स्पष्ट लिहिलेले होते आणि मूळ प्रस्ताव कुठे वाचायचा हेही दिलेले होते. एप्रिल २०२१ मध्ये १३.० आली, तेव्हा एनई२००० जातीच्या कार्डांचा ‘ईडी’ हा ड्रायव्हर खरोखरच गेला. उलट आपल्याकडच्या असेंबल केलेल्या संगणकांत एके काळी सर्रास दिसणाऱ्या रिअलटेक ८१३९ कार्डांचा ‘आरएल’ वाचला. वापर अजून चालू आहे असे लोकांनी कळवल्यास तो ड्रायव्हर ठेवायचा, अशी सोय त्या प्रस्तावातच होती. म्हणजे हा इशारा खऱ्या अर्थाने वापरणाऱ्यालाच उद्देशून होता आणि त्याने उत्तर द्यावे अशी अपेक्षाही होती.

असे इशारे छापण्यासाठी कर्नलमध्ये ‘गॉन_इन’ नावाची छोटी सोय आहे. तिला आवृत्तीचा आकडा द्यायचा असतो. चालू आवृत्ती त्या आकड्याच्या मागे असेल तर ‘अमुक आवृत्तीत काढला जाईल’ असे छापले जाते. ती तिथवर पोचली आणि कोड अजून शिल्लक असेल तर शब्द बदलून ‘लवकरच काढला जाईल’ असे येते. हा बदल दिसला की कार्ड बदलण्याची वेळ जवळ आली असे मी धरतो. अशा ओळी सुरू होताना पडद्यावर वाचता येत नाहीत, पण ‘डीमेसग’ आज्ञेने त्या नंतर पाहता येतात, आणि बूटच्या वेळची प्रत ‘/व्हार/रन’ मधल्या ‘डीमेसग.बूट’ या फाइलमध्ये राहते. मोठे अपग्रेड करण्यापूर्वी मी त्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवतो आणि नंतरच्या प्रतीशी ताडून पाहतो. नवा इशारा कोणता आणि जुना कोणता हे त्यातून लगेच निवडता येते.

लिनक्समधले सिस्टमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम, असाच एक निरुपद्रवी इशारा देते. एखाद्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये पीआयडी फाइलचा (चालू प्रोग्रामचा क्रमांक जिच्यात असतो ती) पत्ता ‘/व्हार/रन’ खालचा असेल तर तो जुना आहे असे सांगून सिस्टमडी स्वतःच ‘/रन’ खालचा पत्ता धरते आणि पुढे जाते. ते काम पॅकेज तयार करणाऱ्याचे आहे. आपण फार तर त्याला कळवावे.

लिनक्समधल्या एक्सएफएस या फाइल सिस्टमचा, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या पद्धतीचा, इशारा मात्र अजिबात दुर्लक्षू नये. डिस्क माउंट होताना, म्हणजे वापरासाठी जोडली जाताना, ‘व्ही४ फॉरमॅट डेप्रिकेटेड (कालबाह्य ठरवलेला) असून सप्टेंबर २०३० नंतर त्याला आधार मिळणार नाही’ अशी ओळ आली, तर ती तुमच्याच डिस्कबद्दल बोलत असते. व्ही४ हा जुना फॉरमॅट आणि व्ही५ हा नवा. व्ही५ मध्ये फाइल सिस्टमच्या अंतर्गत नोंदींना चेकसम, म्हणजे बिघाड ओळखण्याचा पडताळणी आकडा, असतो, व्ही४ मध्ये तो नसतो; शिवाय व्ही४ मधली वेळेची नोंद २०३८ च्या पुढे जाऊ शकत नाही. जागच्या जागी व्ही४ चे व्ही५ करता येत नाही. सगळा डेटा दुसरीकडे उतरवायचा, डिस्क पुन्हा फॉरमॅट करायची आणि डेटा परत आणायचा, हाच मार्ग आहे. काही टेराबाइटांचा सर्व्हर असेल तर त्यासाठी जागा, वेळ आणि वरिष्ठांची परवानगी या तिन्हींची तजवीज बरीच आधी करावी लागते.

या इशाऱ्याची एक अडचण अशी की तो फक्त माउंट करतानाच उमटतो. २०१२-१३ च्या सुमारास बॅकअप घेऊन कपाटात ठेवलेली डिस्क जोपर्यंत कोणी जोडत नाही, तोपर्यंत ती कोणालाच काही सांगत नाही. तेव्हा अशा जुन्या डिस्क एकदा बाहेर काढून माउंट कराव्यात आणि ‘एक्सएफएस_इन्फो’ चालवून ‘सीआरसी’ (म्हणजे तोच चेकसम) पुढचा आकडा पाहावा. तो १ असेल तर काही करायचे नाही. ० असेल तर ती डिस्क उतरवून घेण्याच्या यादीत घालावी.