तुम्ही विचारलंत म्हणून : पाखरांच्या वाट्याचं पाणी

"त्या साली माणसाला प्यायला पाणी नव्हतं, रेल्वेनं आणावं लागलं, आणि तुम्ही म्हणे लेकरांना घेऊन पाखरांना पाणी पाजत बसायच्या. खरं का?" लग्नात, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, कुठंही गाठ पडली की लातूरची माणसं मला हे विचारतात. काहींच्या आवाजात कौतुक असतं, बहुतेकांच्या नसतं. आजवर "हो, ठेवत होते" एवढं म्हणून मी विषय बदलत आले. एकदाच सगळं सांगते.

खरं आहे. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या परसात कडुलिंबाखाली मातीचं परळ होतं, त्यात रोज पाणी असायचं, आणि माझी दोन लेकरं मागच्या पायरीवर बसून त्याच्यावर येणारी पाखरं बघायची.

गावाला पाणी देणारं मांजरा नदीवरचं धनेगावचं धरण कसं कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचं 144 कलम कसं लागलं, हे तुम्हाला काय सांगायचं? तुम्हीही त्याच रांगांत होतात. पण हिशेब सांगते, कारण सगळं भांडण हिशेबाचं आहे. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि घरटी 200 लिटर द्यायचा. घरात माणसं पाच. म्हणजे माणशी दिवसाला सहा लिटरही नाही. त्यातच पिणं, स्वयंपाक, भांडी, अंघोळ, संडास. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. थोरली तेव्हा चौथीत होती. तिनं वहीत भागाकार मांडला. गावची वस्ती पावणेचार लाखांच्या वर, म्हणजे माणशी दीड लिटरसुद्धा येत नाही. आणि आमच्या परळात रोज सकाळी एक तांब्या, दुपारी एक तांब्या जायचा. त्या अख्ख्या गाडीतून एका माणसाच्या वाट्याला जेवढं आलं असतं, जवळपास तेवढंच पाणी आम्ही पाखरांपुढं ठेवत होतो.

त्यामुळं माझी बाजू घेऊन कुणी म्हणतं की "एवढ्याशा पाण्यानं काय होतंय", तेव्हा मला ते नको असतं. एवढंसं नव्हतं ते.

तेव्हाची मी मात्र हेच म्हणायची. "तांदूळ-डाळीचं धुवण आहे, प्यायचं पाणी नाही," असं विचारणाऱ्याच्या तोंडावर सांगून मोकळी व्हायची. आज ते उत्तर मला पटत नाही. त्या उन्हाळ्यात वाया जाणारं पाणी घरात उरलंच कुठं होतं? धुवणानं भांडी विसळायची, विसळलेल्यानं फरशी पुसायची, फरशीचं बादलीत धरून संडासात ओतायचं. परळात गेलेला तांब्या कुठल्या ना कुठल्या कामातून कमी झालेला असायचा. बहुतेक वेळा माझ्या अंघोळीतून, हे खरं. पण मग "ते माझ्या वाट्याचं होतं" असं सरळ म्हणायला हवं, धुवणाच्या आड उभं राहून नाही.

साठवलेल्या पाण्यात डास होऊन डेंग्यू पसरतो असं म्हणाल, तर त्याला माझ्याकडे सरळ उत्तर आहे. अंड्यापासून डास उडायला आठवडा-दहा दिवस लागतात. आमचं परळ रोज रिकामं व्हायचं आणि नारळाच्या शेंडीनं घासलं जायचं. त्यात डास झाला असता तर मीच फोडलं असतं.

परळ दुष्काळात आलेलं नव्हतं. ते त्याच्या आधीपासून होतं. लेकरं शाळेतून आली की चहा-भाकरी घेऊन मागच्या पायरीवर बसायची. नियम दोनच होते, पळायचं नाही आणि दिसलेलं कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. 'बु' म्हणजे बुलबुल, 'सा' म्हणजे साळुंकी, 'हो' म्हणजे होला, खारीसाठी शेपटीचं चित्र. मोठमोठी माणसं सांगायची, पक्षी दाखवायचेत तर जायकवाडीला न्या, मोर दाखवायचेत तर नायगावला न्या. नेलंही. पण तिथं लेकरं पाटी वाचून नावं घेत होती. दारात त्यांना नावं कमी यायची आणि दिसायचं जास्त. चिमणी, बुलबुल, साळुंकी चोचीत घोट घेतात आणि मान वर करून गिळतात. होला तसं करत नाही, तो चोच पाण्यात बुडवतो आणि मान न उचलता ओढत राहतो. हे धाकट्यानं पहिलीत असताना स्वतः बघून मला सांगितलं. मी जन्मभर होले बघत आले होते, मला ते कधी दिसलं नव्हतं.

"अभ्यास सोडून हे कशाला? फायदा काय?" हाही प्रश्न नेहमीचा. आपल्या गावानं राज्याला परीक्षेच्या तयारीचा लातूर पॅटर्न दिला, तिथं हा प्रश्न येणारच. फायदा मला सांगता येत नाही आणि सांगायचाही नाही. पुढं जाते.

2015 चा पावसाळा कोरडा गेला आणि परसातलं सगळं बदललं. फेब्रुवारीपासूनच परळावर गर्दी. मधमाशा काठाला रांगेनं बसायच्या. पोळं गार ठेवायला त्या पाणी नेतात, आत पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाखरांना घाम येत नाही, म्हणून दुपारी कावळेसुद्धा चोच उघडी टाकून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत बसलेले. एरवी पहाटे किंवा तिन्हीसांजेला दिसणारं मुंगूस भर बारा वाजता आलं, पाणी प्यालं आणि आमच्याकडे बघतच निघून गेलं. खारी न्हाणीच्या ओल्या फरशीवर पोट टेकवून पडायच्या.

आणि इथंच मी अडले. चांगल्या पावसाच्या साली पाखरांना आमच्या परळाची फारशी गरज नव्हती. नाला होता, गळके नळ होते, बोअरपाशी डबकी होती. ज्या साली पहिल्यांदा खरी गरज पडली त्याच साली परळ उचलून ठेवायचं, तर आधीची वर्षं मी लेकरांना काय दाखवत होते? करमणूकच ना नुसती? थोरलीनं मला हे विचारलं नव्हतं. पण तिनं विचारलं असतं तर मला तोंड नव्हतं. म्हणून परळ राहिलं.

आता ती दुपार. तुम्ही तिच्याबद्दल ऐकलंय आणि म्हणूनच विचारता, हे मला कळतं.

मे महिन्याची सुरुवात होती. शेजारच्या वहिनी सासूबाईंना रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेल्या आणि नेमका तेवढ्यात टँकर येऊन गेला. म्हातारी अंथरुणावर, नवरा बाहेरगावी कामाला. घागरभर पाणी मागायला वहिनी मागच्या फाटकानं आमच्या परसात आल्या. त्याच वेळी परळावर सातभाई उतरले होते. सातभाई कधी एकटे येत नाहीत, अख्खा थवा येतो. एकजण पाण्यात, बाकीचे काठावर कलकलाट करत. तो छाती टेकवून, पंख झाडून अंघोळ करत होता, पाणी चहूकडं उडत होतं. तो बाहेर आला की दुसरा आत. भिंतीवर, मातीवर थेंब. लेकरं पायरीवर बसून हसत होती.

वहिनी फाटकातच थांबल्या. हातात रिकामी घागर.

"ताई, तुमच्या पाखरांला अंघोळ हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूच्या अंगाला पाणी लागून किती दिस झालेत, मला इचारा."

ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मलाही ओरडता आलं असतं.

मी म्हणाले, "वहिनी, तांदळाचं धुवण आहे ते."

"असू द्या की. तेवढ्यात फडकं भिजलं असतं."

मी पिंपातून त्यांची घागर भरून दिली. हे मी माझी बाजू सावरायला सांगत नाहीये, असं लिहिणार होते, पण सावरायलाच सांगतेय. भरून दिली आणि ते पाणी मी कधी परत मागितलं नाही. त्या मात्र घागर कमरेवर घेताना माझ्याकडे बघत नव्हत्या, लेकरांकडे बघत होत्या. लेकरांचं हसू केव्हाच थांबलं होतं.

रात्री घरात बोलणं झालं. आमच्या आत्याबाई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या. मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाऊन लेकरं जगवलेली बाई. मला वाटलं होतं त्या माझ्या बाजूनं बोलतील, कारण रोज सकाळी परळ घासायच्या त्याच. त्या म्हणाल्या, "बहात्तरला खायला नव्हतं, पण हिरीला पाणी होतं. आता धान्य हाय, पाणी न्हाई. उचल ते परळ. पाखरू उडून जाईल दुसरीकडं, म्हातारीनं कुठं जावं?"

"उडून कुठं जाईल?" मी म्हणाले. "आहे कुठं पाणी गावात?"

"मग तिच्या सासूलाबी तेच लागू हाय."

यावर मला बोलता आलं नाही. घरातले म्हणाले, परळ गच्चीवर ठेव, कुणाच्या नजरेला पडायचं नाही. ते मला अजिबात मान्य नव्हतं. चोरून करायचं असेल तर लेकरांना पायरीवर कशाला बसवायचं?

सकाळी उठले तर थोरलीनं परळात गोटे भरले होते. बांधकामाच्या ढिगातून वेचून आणलेले, धुवायला पाणी नाही म्हणून फडक्यानं पुसलेले. पाणी फक्त गोट्यांच्या फटीत. "आता पिता येईल, अंघोळ नाही करता येणार," ती म्हणाली. पाणीही निम्मं लागलं. मधमाशा बुडायच्या बंद झाल्या, त्यांना उभं राहायला जागा मिळाली. सातभाई आले, काठावर बसून कलकलले, चोची ओल्या करून गेले.

दुपारी धाकटा रडत आत आला. होला पुन्हा पुन्हा उतरत होता आणि न पिता उडून जात होता. त्यानंच तर बघून ठेवलेलं होतं की होल्याला चोच बुडवावी लागते. फटीतल्या पाण्यात ती बुडत नव्हती. मग दोघांनी एका कडेचे गोटे काढून होल्याची चोच जाईल एवढी खळगी केली आणि संध्याकाळी होला पाणी प्याला. त्या तारखेच्या चौकोनात दोन हस्ताक्षरांत 'हो' आहे, एकाचं एक, दुसऱ्याचं एक. ते कॅलेंडर मी टाकलेलं नाही.

थोरली शेजारी जाऊन सांगून आली, "काकू, आता त्यांना अंघोळ करता येत नाही." वहिनी म्हणाल्या, "बरं केलंस, माय." माझ्याशी त्या पाऊस पडेपर्यंत कामापुरतं बोलल्या. सप्टेंबरच्या शेवटी धो धो पाऊस आला, मांजरा भरली, आणि आम्ही पुन्हा लोणच्या-पापडाचं, लेकरांच्या शाळेचं बोलायला लागलो. परळाचं आजवर नाही.

म्हणून "शेवटी सगळं गोड झालं ना?" असं विचारू नका. गोट्यांनी पाणी वाचलं, पण वहिनींनी विचारलेलं त्यानं फिटलं नाही. त्यांना पाखरांचा राग नव्हता. घरातली म्हातारी पाण्यावाचून ताटकळते आणि शेजारच्या परसात पाणी उडतंय, हे त्यांनी बघितलं होतं. ते बघणं मी कसं पुसू? आणि तरीही, होला तहानलेला उडून जातो म्हणून रडणारं लेकरू मला हवंच होतं, हेही तितकंच खरं आहे.

गेल्या दिवाळीत थोरली कॉलेजातून आली होती. फराळाला बसलो आणि विषय निघाला. ती म्हणाली, "आई, मी गोटे टाकले ते पाखरांसाठी नव्हते. काकूंसमोर मला लाज वाटली म्हणून टाकले. आज असतं तर मी परळ पालथंच घातलं असतं." धाकटा तिच्यावर चवताळला, "मग होल्यानं काय करायचं होतं?" दोघं बराच वेळ भांडली आणि दोघांनीही मला मध्ये ओढलं.

मी थोरलीच्या बाजूनं बोलले नाही. पण वहिनी चुकल्या असंही मी कधी म्हटलेलं नाही, म्हणणार नाही. तसा उन्हाळा पुन्हा आला तर मी परळ ठेवणार, आणि त्याच्या आधी वहिनींच्या घरी घागर पोचवणार. पिंपात दोन्हीला पुरेल एवढं पाणी नसलं तर काय करणार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.